कोमटबाई आणि नऊ नंबर

आधीच सांगून टाकते, मला हे शांतपणे सांगता येणार नाही. शांतपणे सांगणारी माणसं वेगळी असतात. त्यातली एक आमच्याच घरात आहे, माझी मोठी नणंद. पण वन्सं तोंड उघडायच्या नाहीत, म्हणून मला उघडावं लागतंय.

प्राण्यांच्या ज्या दवाखान्यात आम्ही दोघी कामाला आहोत, तिथं वन्संना कुणी नावानं हाक मारत नाही. कुत्र्यांचे मालक त्यांना कोमटबाई म्हणतात. सोनोग्राफीच्या खोलीत टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांनी एक स्टीलचा मग ठेवलाय, मगात गरम पाणी आणि पाण्यात जेलची बाटली. जेलचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचा, कोमट लागला तरच कुत्रीच्या पोटावर. पाणी निवलं की बदलायचं. एवढ्यापायी खोळंबलेली माणसं काउंटरवर येऊन माझं डोकं खातात, "तुमच्या कोमटबाईंचं पाणी तापलं का हो?" डॉक्टर म्हणतात, नाव स्वभावालाही शोभतं. ते एक खरं आहे. वन्संना उकळताना कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या वाटणीचं उकळण्याचं काम मी करते.

त्यांचं काम काय, तर कुत्री माजावर आली की तिचा नेमका दिवस सांगायचा. ऐकायला सोपं वाटतं. कुत्री वर्षातून फार तर दोनदा माजावर येते. रक्त दिसलं की मालक बोटं मोजायला लागतात आणि अकराव्या नि तेराव्या दिवशी तिला नराकडे नेतात, कारण त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी कधीतरी तसं केलं होतं. पण कुत्रीचं अंग काही कॅलेंडर वाचत नाही. एखादीचं बीज दहाव्या दिवशी सुटतं, एखादीचं विसाव्या. ते बघायचं तर तिला रोज आडवं करायचं, कुशीवरचे केस काढायचे आणि मूत्रपिंडाच्या मागच्या टोकाशी लपलेलं अंडाशय शोधायचं. शेंगदाण्याएवढं असतं ते. डावं सापडतं, उजवं बरगड्यांखाली दडून बसतं. त्यात काळे गोल ठिपके दिसतात, रोज थोडे मोठे होतात, आणि एक दिवस त्यांचा काळेपणा जाऊन ते धुरकट होतात. तो बीज सुटल्याचा दिवस. तिथून दोन दिवसांनी नर, आणि बीज सुटल्यापासून त्रेसष्ट दिवसांनी पिल्लं, एखादा दिवस इकडेतिकडे. हा त्रेसष्टचा आकडा लक्षात असू द्या.

आमच्या डॉक्टरांना ते अंडाशय आजवर सापडलेलं नाही. माणसांच्या एका दवाखान्यानं मोडीत काढलेलं मशीन त्यांनी घेतलं, महिनाभर पोटांवरून प्रोब फिरवला आणि जाहीर केलं की कुत्र्यांत ते दिसतच नाही. वन्सं त्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीवर होत्या, बायकांना टेबलावर चढवणं, पोटावरचं जेल पुसणं, चादरी बदलणं. मशीन इकडे आलं तशा त्याही आल्या, नवरीबरोबर पाठराखीण यावी तशा. दोन वर्षं लागली त्यांना. चौकटीच्या वहीत रोज गोल काढायचे, गोलाखाली मिलिमीटर. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलंही नाही. आता लांबलांबून कुत्र्या येतात त्या वन्संच्या डोळ्यांसाठी, आणि पाटी डॉक्टरांची. वन्सं सांगतात, मी टाईप करते आणि खाली डॉक्टर सही ठोकतात, फोन कानाला, नजर खिडकीबाहेर. कागदावर काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट त्यांनी एकदाही घेतलेले नाहीत. वन्संचं नाव त्या कागदावर कुठंही नसतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे.

मग गेल्या वर्षी पिंजरेवाला आला.

त्याच्या घरामागे ओळीनं बारा पिंजरे आहेत आणि प्रत्येकात एक मादी. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यानं आणली ती नऊ नंबरची, चपट्या नाकाची, रुंद छातीची, पुढचे पाय फेंगडे. सहा वर्षांची होती. काउंटरपाशी येऊन माझ्या चपलेवर हनुवटी टेकून बसली आणि घोरायला लागली.

"तीनदा नराकडे नेली, तिन्ही वेळा रिकामी," पिंजरेवाला म्हणाला. "अकराव्याला नि तेराव्याला, नियमानं. ही शेवटची संधी. यंदा पण रिकामी गेली तर देतो सोडून कुठंतरी. फुकट खाणारी तोंडं मी पाळत नाही."

वन्सं दारात उभ्या होत्या. 'रिकामी' हा शब्द ऐकून त्यांचा हात दाराच्या कडीवर थांबला. मी पाहिलं, पिंजरेवाल्यानं पाहिलं नाही.

हात का थांबला ते मला ठाऊक आहे. वन्संचं लग्न चार वर्षं टिकलं. त्या चार वर्षांत दर महिन्याला त्यांच्या सासूबाई त्यांना माणसांच्या दवाखान्यातल्या त्याच सोनोग्राफीच्या खोलीत घेऊन जायच्या, त्याच मशीनखाली, आज बीज केवढं, उद्या केवढं. नवऱ्याला कुणी कधी तपासलं नाही. म्हशीला रोग नि पखालीला इंजेक्शन. चार वर्षांनी त्यांना माहेरी आणून सोडलं आणि वर सांगितलं, "रिकामीच निघाली." मग त्या जिथं पेशंट होत्या तिथंच कामाला लागल्या. हे सगळं मला आमच्या ह्यांनी सांगितलं. वन्सं त्याबद्दल माझ्याशी एकच वाक्य बोलल्यात, तेही जेलची बाटली मगात ठेवता ठेवता. "तिथलं जेल फार गार असायचं गं, वहिनी."

तर नऊ नंबर. वन्सं तिला नऊबाई म्हणायला लागल्या. रोज सकाळी ती यायची, चटईवर आडवी व्हायची, कोमट जेल पोटाला लागलं की झोपी जायची. अकराव्या दिवशी ठिपके होते चार मिलिमीटरचे. वन्सं म्हणाल्या, "घाई करू नका. अजून हिचं काहीच नाही." पण ऐकेल तो पिंजरेवाला कसला! तेराव्या दिवशी नेलीच नराकडे, कारण नराच्या मालकाला शब्द दिला होता. वन्सं रोज बघत राहिल्या. पाच, सहा, साडेसात. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. "ये, बघ. कालचं काळं आज धुरकट झालंय." मला खरंच दिसलं. काउंटरवरून इतकी वर्षं डोकावून माझेही डोळे थोडे तयार झालेत. वन्संनी पिंजरेवाल्याला सांगितलं, परवा न्या, एकविसाव्या दिवशी. नेली, आणि महिनाभरानं पडद्यावर सहा इवल्या छातींत सहा ठोके दिसले. पिंजरेवाल्यानं डॉक्टरांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. वन्सं शेजारी जेल पुसत होत्या.

आता माझी चूक. ती मीच सांगते.

आमच्याकडे गाभण कुत्रीचं एक छापील कार्ड असतं. त्यावर चौकट आहे, 'नराकडे नेल्याची पहिली तारीख'. बीज सुटल्याच्या तारखेला चौकट नाही, कारण कार्ड छापलं तेव्हा डॉक्टरांच्या मते ते दिसतच नव्हतं. मी पुढच्या बाजूला तेराव्या दिवसाची तारीख शाईनं लिहिली आणि वन्संनी सांगितलेला एकोणिसावा दिवस मागच्या बाजूला पेन्सिलीनं. नेहमी तसंच करत आलेय. मागं कोण बघणार, हे मला कळायला हवं होतं.

या जातीच्या पिल्लांची डोकी मोठी, म्हणून ती सिझर करूनच काढतात. पिंजरेवाल्याला परगावी जायचं होतं. डॉक्टरांनी कार्डाची पुढची बाजू बघितली, तेराव्या दिवसापासून त्रेसष्ट मोजले आणि शनिवार ठरवला. खरे त्रेसष्ट भरायला त्या शनिवारी सहा दिवस कमी होते. कुत्रीच्या पोटात सहा दिवस म्हणजे काय, ते कुणाही सुईणीला विचारा.

शुक्रवारी वन्सं डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात वही. मी कार्ड उलटं करून समोर धरलं.

"डॉक्टर, शनिवारी नको. हिचं बीज एकोणिसाव्याला सुटलंय. आज बघितलं मी, पिल्लांची आतडी अजून हलत नाहीत. पिल्लं तयार नाहीत."

"कार्डावर तारीख आहे ना, बाई?"

"ती नराकडे नेल्याची आहे. त्या दिवशी बीज सुटलेलंच नव्हतं. मागं लिहिलंय बघा."

"पेन्सिलीनं!" डॉक्टर हसले. "बाई, मशीन बघायला आहे, ठरवायला नाही. ठरवायला मी शिकलोय. मालकाला उद्या सोयीचं आहे, उद्या करू."

"सहाच दिवस थांबा. नाहीतर रक्त तरी तपासा, दिवस भरलेत का ते कळेल."

"पाणी तापवा जा तुमचं," डॉक्टर म्हणाले.

मी तिथंच तोंड उघडणार होते. वन्संनी माझा दंड धरला. कसा धरला! दुसऱ्या दिवशी तिथं चार बोटं उमटली होती. खोलीबाहेर येऊन मी म्हटलं, "वन्सं, ओरडा ना! एकदा तरी ओरडा!" तर म्हणतात कशा, "माझ्या ओरडण्यानं पिल्लांच्या छातीत वारा भरणार आहे का, वहिनी?" मला त्या क्षणी डॉक्टरांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. घरी गेल्यावर मी आमच्या ह्यांच्यावर भांडी आपटली. ते म्हणाले, नोकरी आहे, जपून. त्यांच्यावरही आपटली.

शनिवारी सकाळी सहा पिल्लं बाहेर आली. पायांवर केस धड आलेले नव्हते, पोटं गुलाबी, पारदर्शक. तोंडं उघडत होती पण आत काही जात नव्हतं. वन्संनी टॉवेलमध्ये घेऊन एकेकाला चोळलं, नाकातलं पाणी ओढलं, गरम पाण्याच्या पिशव्या केल्या. तोच मग, तेच पाणी. दुपारपर्यंत चार गेली, चहाच्या वेळी पाचवं. सहावं वन्संनी ब्लाउजच्या आत छातीशी धरून ठेवलं होतं. दवाखाना बंद करायच्या सुमारास त्यांनी ते बाहेर काढलं आणि ओळीत सहावं ठेवलं.

पिंजरेवाल्याला फोन डॉक्टरांनी केला. "मूळचीच कमजोर होती हो पिल्लं. मादीच्या वयामुळे." मग मला म्हणाले, तसंच टाईप करा. केलं. नोकरी आहे ना! हे बोट माझं आहे, त्या बोटानं मी 'मूळचीच कमजोर' असं लिहिलंय, आणि खाली त्यांनी सही केली, न वाचता. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, टाईप केल्या त्या पहिल्यांदा. नऊबाई टाके घातलेलं पोट घेऊन पिल्लांची टोपली हुंगत फिरत होती. पिंजरेवाला आला, तिला गळ्याच्या पट्ट्याला धरून उठवलं आणि म्हणाला, "पुढच्या माजाला बघू. आता दिवस तर कळला हिचा, उशिरा असतो."

हे त्याचं वाक्य वन्संनी ऐकलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "मी दिवस शोधला म्हणून ती पुन्हा जाणार, वहिनी. नसता सापडला तर सुटली असती."

"सोडून दिली असती रस्त्यावर. ते सुटणं होय?"

"पिंजऱ्यापेक्षा बरं."

मी ताट तिथंच ठेवलं.

सात महिन्यांनी नऊबाई पुन्हा आली. बारीक झाली होती. पुन्हा माझ्या चपलेवर हनुवटी. पिंजरेवाला एकदम नरम, "बाई, यंदा तुम्ही सांगाल तोच दिवस. तोवर नराचं तोंडसुद्धा दाखवत नाही हिला." वन्संनी मान हलवली. पाणी तापवलं, मनगटावर थेंब टाकला. चार दिवस तिला रोज बघितलं आणि रोज एकच सांगितलं, उद्या आणा. पाचव्या दिवशी मी रिपोर्टाचा कागद टाईप करायच्या मशीनला लावून आत गेले. पडद्यावर डाव्या अंडाशयात तीन ठिपके होते, काळेभोर, शर्टाच्या बटणांसारखे ठसठशीत. गर्भपिशवी सरळ, पातळ भिंतीची, शिवण छान भरलेली. मला दिसलं. मला दिसतं आता.

"लिही," वन्सं म्हणाल्या. "अंडाशयात बीज धरत नाही. गर्भपिशवीची भिंत जाड, जागोजागी पाण्याच्या पुळ्या. आधीच्या शिवणीपाशी कमकुवत. पुन्हा गाभण राहण्यास अयोग्य. गर्भपिशवी काढण्याचा सल्ला."

मी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. त्यांनी हात लांब करून पडदा बंद केला.

"वन्सं..."

"लिहितेस, का मी हातानं लिहू?"

या बाईनं आयुष्यात अर्धा मिलिमीटर खोटा सांगितलेला नाही. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी मालकाला स्वतः फोन करून कबूल करतात. आवाज नेहमीसारखाच होता, पण मगाच्या कडेवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी लिहिलं. एकेक शब्द नीट, ठळक, शुद्धलेखनासकट. मग कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक ओळ वाचली असती, आत येऊन एकदा पडदा सुरू केला असता, तर सगळं संपलं असतं. फोन कानाला होता. कुणाशी तरी गाडीच्या सर्व्हिसिंगचं बोलणं चालू होतं. कागद पुढे सरकवला, त्यांनी पेन उचलला, सही केली आणि खिडकीबाहेर बघत हातानं 'जा' म्हणून खूण केली.

पिंजरेवाल्यानं रिपोर्ट मात्र दोनदा वाचला. सहीवर बोट फिरवलं. सही डॉक्टरांची म्हणजे शंका कसली! "म्हणजे संपली ही," म्हणाला. "तरी म्हटलं होतं, मूळचीच खोट आहे हिच्यात. आता हिचं ऑपरेशन करून मी काय पूजा करू तिची? तुमच्याकडे ठेवा, नाहीतर द्या कुणाला." पट्टा काउंटरवर टाकून निघून गेला. नऊबाई त्याच्यामागे दारापर्यंतही गेली नाही.

संध्याकाळी ती आमच्याबरोबर घरी आली. आमचे हे म्हणाले, घोरते फार. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा कमी.

एक गोष्ट मला चार-सहा दिवसांनी कळली. वन्सं रोज तिला दवाखान्यात न्यायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत दार लावून बघायच्या. मी त्यांची चौकटीची वही उघडली. सगळे आकडे तिथं होते, खरेखुरे. पाच, साडेसहा, आठ. अठराव्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'बीज सुटलं.' रिपोर्टात खोटं सांगता आलं त्यांना, वहीत नाही आलं.

पिंजरेवाला तिकडेच आहे, अकरा पिंजरे भरलेले आहेत, आणि रिकाम्यात त्यानं नवी आणली असेल. माझा राग कुठं गेलाय असं समजू नका. पण त्याच्या माद्या आता वन्सं बघत नाहीत. त्याचा फोन आला की मी सांगते, पाणी तापलेलं नाही.

माज उतरून अडीच महिने झाल्यावर नऊबाईचं ऑपरेशन ठरलं, रिपोर्टात सल्ला होता त्याप्रमाणे. ऑपरेशनची मदतनीस रजेवर होती म्हणून ट्रे धरायला मी उभी होते. वन्सं तिच्या डोक्याशी, श्वासाची नळी सांभाळत. डॉक्टरांनी गर्भपिशवी बाहेर काढली, दिव्याखाली धरली आणि थांबले. बोटांतून सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. गुलाबी, गुळगुळीत, एकसारखी. शिवणीची जागा शोधावी लागली. त्यांनी सुरी घेऊन ती उभी चिरली आणि आत बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "यात पुळ्या कुठं आहेत?"

वन्संनी मान वर केली नाही. नऊबाईची जीभ ओल्या कापसानं टिपत होत्या.

"रिपोर्टात आहेत, डॉक्टर. सही तुमची आहे."

मास्कच्या वर डॉक्टरांचे डोळे मला दिसत होते. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच वन्संकडे बघत होते. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी श्वास घेतला, आणि तेव्हा वन्संनी मान वर केली.

"सहा पिल्लांच्या रिपोर्टावरही तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, आमच्या घरात, दवाखान्यात, कुठंच नव्हता. "दोन्ही रिपोर्ट फायलीला आहेत. काढायचे तर दोन्ही काढू."

मी ट्रे पोटाशी दाबून धरला. डॉक्टरांनी ती गुलाबी पिशवी बशीत ठेवली आणि हात पुढे केला.

"दोरा," म्हणाले.

वन्संनी दिला.